‘घर बंद’ असा शेरा मारलेली घरं : प्रकल्पाचा परिणाम मोजतं कोण आणि कसा?

पाणंद

मंडळी, हे लिहीन लिहीन म्हणता दोन वर्षं गेली.

समाजकार्याचं शिक्षण घेत असताना मी एका रस्त्याच्या प्रकल्पासाठी सर्वेक्षक म्हणून अडीच महिने काम केलं. जिल्हा रायगड, बाकी नावं मुद्दाम टाळतो. परदेशी कर्ज होतं, त्या कर्जाची अट म्हणून बाधित कुटुंबांचं सामाजिक सर्वेक्षण. सोळा पानी फॉर्म, भरलेल्या फॉर्ममागे पैसे. न भरलेल्याला काही नाही, हे लक्षात ठेवा.

जानेवारीत एका कातकरी वाडीवर गेलो. बावीस झोपड्या, त्यातल्या सतरांच्या दारांना काटक्या आडव्या लावलेल्या. एक म्हातारी शेळ्यांपाशी बसली होती. “समदी भट्टीवं गेलीत. पावसाच्या आंगं येतील,” म्हणाली. दिवाळी झाली की मालकाकडून उचल घ्यायची आणि बायकापोरांसकट वीटभट्टीवर जायचं, पार मे-जूनपर्यंत. रायगडात कुणालाही विचारा, हे माहीत आहे. फॉर्म बनवणाऱ्याला माहीत नव्हतं. फॉर्मच्या शेवटी रकाना होता : ‘घर बंद / रिकामे / माहिती देण्यास नकार’. साहेब म्हणाले, तीनदा जा, तिन्ही वेळा बंद असेल तर शेरा मार आणि पुढचं गाव घे. मी तीनदा गेलो. फेब्रुवारीच्या शेवटी तिसऱ्यांदा. सतरा वेळा ‘घर बंद’ लिहिलं.

पुढे अहवाल हाती आला. त्यात त्या वाडीपुढे ‘बाधित कुटुंबे : ५’. बाकीची सतरा ‘वापरात नसलेली बांधकामे’ या दुसऱ्याच तक्त्यात, गुरांच्या गोठ्यांच्या आणि पंपाच्या खोल्यांच्या शेजारी. वाडीची जमीन गावातल्या एका खातेदाराच्या नावावर, त्यामुळे जमिनीचा मोबदला त्याला. त्यात बेकायदा काही नाही, सातबारा त्याचाच.

मी खोटं काहीच लिहिलं नव्हतं. घरं बंदच होती. तेव्हापासून डोक्यात घोळतंय की चूक नेमकी कुठल्या पायरीवर झाली. तुमच्यापैकी कुणी प्रकल्पग्रस्त असेल, कुणी सरकारी बाजूला असेल, तर लिहा.

बडबड्या

खुर्ची टाकून बसलोय. ‘विकास हवा की नको’ सुरू व्हायला किती प्रतिसाद लागतात ते बघतो. माझा अंदाज चार.

शिवसागराच्या_तळाशी

आमचं गाव कोयनेत गेलं. माझा जन्म सोलापूर जिल्ह्यातला, पण घरात कुणी ‘गावाकडं’ म्हटलं की आजही ते पाण्याखालचं गाव असतं.

धरणाचं काम १९५४ साली सुरू झालं. शंभराच्या आसपास गावं उठली. तेव्हा कायदा १८९४ चा, इंग्रजांचा. त्यात जमीन मोजायची सोय होती, माणूस मोजायची नव्हती. मोजणीदार आले, साखळी टाकली, जिरायत किती, पोटखराबा किती, झाडं किती, लिहून घेतलं. सातबाऱ्यावर नाव माझ्या थोरल्या चुलत आजोबांचं, पुढे ‘ए. कु. मॅ.’. एकत्र कुटुंब मॅनेजर. ज्यांनी जुने उतारे पाहिलेत त्यांना कळेल. त्या तीन अक्षरांमागे चार भाऊ, त्यांच्या बायका, एक विधवा आत्या आणि अकरा पोरं होती. रक्कम मॅनेजरच्या हातात पडली. पुढचं सांगत नाही, घरातलं आहे.

गाव एकत्र हललं असं लोकांना वाटतं. तसं नाही झालं. कुणी सांगलीकडे, कुणी सोलापूरकडे, कुणी घाट उतरून रायगड-ठाण्याकडे. आमचा न्हावी एका जिल्ह्यात, गुरव दुसऱ्या, आजीचं माहेर तिसऱ्या. तिच्या आयुष्यात ती माहेरी नंतर दोनदा गेली, दोन्ही वेळा मयतीला. जमिनीच्या भावात हे कुठल्या कलमाखाली धरायचं?

आणि जमीन मिळाली त्यांचं काय? डोंगरात नाचणी, वरी, भात करणारी माणसं काळ्या कोरड्या रानात आली. आजी म्हणायची, पहिली दोन वर्षं ज्वारी कधी पेरायची हे शेजाऱ्याच्या रानात बघून ठरवायचो. कित्येक जण परतले आणि पाण्याच्या वर, डोंगराच्या कडेला राहिले. १९८५ ला तिथे कोयना अभयारण्य झालं, पुढे सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. एकदा धरणाने उठवलं, दुसऱ्यांदा वाघाने.

२०१८ साली कोयनानगरला श्रमिक मुक्ती दलाचं मोठं आंदोलन झालं, भारत पाटणकरांच्या नेतृत्वाखाली. माझे काका तिथे बसले होते. वय त्र्याहत्तर. मागणी काय, तर पर्यायी जमीन. धरण पुरं होऊन पन्नास वर्षं झालेली.

मोजपट्टी

पाटबंधारे खात्यातून निवृत्त. बत्तीस वर्षं नोकरी, त्यातली बरीच धरणांवर. खात्याचा माणूस दिसला की लोक दगड शोधतात, हरकत नाही.

आधी हे सांगतो की कोयना नसती तर महाराष्ट्रात कारखाने कशावर चालले असते हा प्रश्नही विचारला पाहिजे. बडबड्या, मोजा, हा चौथाच.

पण शिवसागर म्हणतात ते खरं आहे, आणि मी आतून पाहिलंय. राज्याचा पहिला पुनर्वसन कायदा १९७६ चा. कोयना त्याच्या आधीची. त्यानंतर १९८६ आणि १९९९ चे सुधारित कायदे. कागदावर आपले कायदे देशात पुढचे होते, हे अभिमानाने सांगतो. लाभक्षेत्रातल्या मोठ्या खातेदारांची स्लॅबच्या, म्हणजे ठरवलेल्या मर्यादेच्या, वरची जमीन घेऊन ती धरणग्रस्ताला द्यायची, ही कल्पना बघा. ज्याला पाणी मिळणार त्याने ज्याचं गाव बुडालं त्याला वाटा द्यायचा. नव्या गावठाणात अठरा नागरी सुविधा.

अडलं कुठे? एक, लाभक्षेत्रातला बागायतदार म्हणजे तालुक्यातला वजनदार माणूस. स्लॅबची जमीन ताब्यात येता येता पिढी जाते. दोन, पर्यायी जमीन हवी तर मोबदल्यातली ६५ टक्के रक्कम मुदतीत सरकारजमा करावी लागे. ज्याने भरली नाही त्याचा हक्क गेला. आता सांगा, घर बुडतंय, नवं बांधायचंय, मुलीचं लग्न तोंडावर आहे, आणि हातात आलेल्या शंभरातले पासष्ट परत द्यायचे. नोटीस मराठीत असते, पण कचेरीच्या मराठीत. मी स्वतः लोकांना सांगायचो, बाबांनो पैसे मोडू नका. मोडायचेच.

तीन, संकलन रजिस्टर. धरणग्रस्तांची सगळी कुंडली त्यात. कोण खातेदार, कोण भूमिहीन, घरात माणसं किती. ते एकदा चुकलं की पुढची चाळीस वर्षं प्रत्येक कारकून त्या चुकीची नक्कल करतो. पाणंद, तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हे. चूक पहिल्या यादीत होते.

कलम_चार

वकिली करतो, भूसंपादनाची प्रकरणं बरीच पाहिली. नाव त्याच कलमावरून घेतलंय.

कायद्याची स्थिती थोडक्यात. २०१३ चा भूसंपादनाचा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला आणि १८९४ चा गेला. त्याच्या कलम ४ मध्ये सामाजिक परिणाम निर्धारण आलं : संपादनाआधी, ग्रामपंचायतीशी किंवा पालिकेशी विचारविनिमय करून, सहा महिन्यांत. मग कलम ५ ची जनसुनावणी, मग कलम ७ चा तज्ज्ञ गट, ज्यात सरकारबाहेरचे दोन समाजशास्त्रज्ञ हवेत. तो गट ‘हा प्रकल्प करू नका’ असंही म्हणू शकतो. सरकारला पुढे जायचंच असेल तर कारणं लेखी द्यावी लागतात.

‘बाधित कुटुंब’ची व्याख्या यात प्रथमच नीट रुंद झाली. जमीन नसलेला शेतमजूर, कूळ, वाटेकरी, कारागीर, जंगलावर किंवा पाण्यावर जगणारा, मच्छीमार, होडीवाला. अट एवढीच की संपादनाआधी तीन वर्षं उपजीविका त्यावर असली पाहिजे. विधवा, घटस्फोटिता, परित्यक्ता हे वेगळं कुटुंब. सज्ञान मुलगा किंवा मुलगी, दोघंही वेगळं कुटुंब. शिवसागरांच्या आत्या आज असत्या तर त्यांचा स्वतंत्र फॉर्म झाला असता.

आता दुसरी बाजू. त्याच कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत तेरा केंद्रीय कायदे बाजूला काढलेत. राष्ट्रीय महामार्गांचा १९५६ चा कायदा त्यात, रेल्वेचा त्यात, कोळसा क्षेत्राचा त्यात. २०१५ मध्ये मोबदला आणि पुनर्वसनाच्या तरतुदी त्यांना लागू केल्या, परिणाम निर्धारण नाही केलं. म्हणजे भरपाई किती ते कायदा सांगतो, भरपाई कुणाला हे शोधण्याची पायरी गाळलेली. शिवाय २०१८ च्या दुरुस्तीने महाराष्ट्राने कलम १० अ घातलं. पायाभूत सुविधा, औद्योगिक पट्टे, परवडणारी घरं अशा प्रकल्पांना राज्य सरकार परिणाम निर्धारणाचं हे अख्खं प्रकरणच माफ करू शकतं. यात बसणार नाही असा मोठा प्रकल्प शोधून दाखवा.

आणि थेट खरेदी. समृद्धी महामार्ग, ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे. जमीन मोठ्या प्रमाणावर थेट खरेदीने घेतली, वर पंचवीस टक्के जादा. खातेदारांना चांगले पैसे मिळाले, हे मी नाकारत नाही. काही अशील खूश आहेत. पण खरेदीखतावर विकणारा आणि घेणारा, दोघंच असतात. त्या रानात वीस वर्षं खुरपायला जाणारी बाई तिथे साक्षीदार म्हणूनही नसते.

पाणंद, तुमच्या वाडीबद्दल एक कडू गोष्ट. ती सतरा कुटुंबं सापडली असती तरी समोरचा वकील म्हणाला असता, यांची मुख्य उपजीविका भट्टीवर, बाधित क्षेत्राबाहेर. सहा महिने इथे नसतातच. त्या तीन वर्षांच्या अटीवर मी असाच युक्तिवाद ऐकलाय.

उधाण

मी पालघरच्या किनाऱ्यावरची. आमच्याकडे तर सातबाऱ्याचा प्रश्नच मिटला, समुद्राला सातबारा नाही.

वाढवण बंदर. ३० ऑगस्ट २०२४ ला भूमिपूजन झालं, खर्च ७६,२०० कोटी. त्याआधी १९९८ साली हेच बंदर डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने नाकारलं होतं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अध्यक्ष असताना. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने ना-हरकत दिली. किनारा तोच, समुद्र तोच. आमची मतं काय ते जगजाहीर आहे, त्यावर इथे भांडत नाही.

मोजण्याचं बोलते. भराव समुद्रात घालायचा, म्हणजे जमीन कुणाचीच जात नाही, म्हणजे विस्थापित कुणीच नाही. असं वाक्य मी बैठकीत स्वतःच्या कानाने ऐकलं. मग म्हणतात मच्छीमारांची गणना करू. कशी? बोटीवरून. नोंदणी झालेली बोट, परवाना, डिझेलचा कोटा. बोटीचा मालक सापडतो. खलाशी थोडेफार सापडतात. माझी सासू सापडत नाही. ती ओहोटीला खडकांवर जाते, कोयती घेऊन कालवं फोडते, निवट्या धरते, शिंपल्या गोळा करते. तिला परवाना नाही, बोट नाही, जाळंही नाही. पावसाळ्यात बोटी बंद असतात तेव्हा घरात शिजतं ते तिचं असतं. विचारायला आलेल्या मुलाने फॉर्मवर लिहिलं ‘गृहिणी’.

वरळीचं उदाहरण घ्या. सागरी रस्त्याचे खांब क्लीव्हलँड बंदराच्या तोंडाशी आले. आराखड्यात दोन खांबांतलं अंतर साठ मीटर. कोळी म्हणत होते, वारा-प्रवाह असताना एवढ्यातून बोट काढणं म्हणजे जिवाशी खेळ, दोनशे हवं. काम अडलं, वाटाघाटी झाल्या, शेवटी एकशेवीस मीटरवर आलं, एक खांब गाळून. हे आधी कुणी एका नाखव्याला बोटीत बसवून विचारलं असतं तर कळलं नसतं का? उधाणाला कसं, भांगाला म्हणजे भरती-ओहोटी मंद असताना कसं, वारा फिरला की कसं. तो तज्ज्ञ नव्हता, कारण त्याच्याकडे अहवाल नव्हता.

बडबड्या

खुर्ची घडी करून ठेवली. वाचतोय.

दूरदेशी

रॉटरडॅमहून. इथे पाण्याशी संबंधित सल्लागार कंपनीत आहे, हे अहवाल लिहिणाऱ्यांच्या जमातीतला म्हणा.

जागतिक बँकेने सक्तीच्या पुनर्वसनाचं धोरण १९८० साली आणलं. त्यामागे मायकेल सेर्निया हा समाजशास्त्रज्ञ. त्याने पुढे विस्थापनातले आठ धोके मांडले : जमीन जाणं, रोजगार जाणं, घर जाणं, समाजात खालच्या पायरीवर ढकललं जाणं, अन्नाची असुरक्षितता, आजारपण, सामाईक साधनं तुटणं आणि समाजाची वीण उसवणं. शिवसागरांची आजी म्हणजे आठवा धोका. उधाणताईंच्या सासूबाई सातवा. मोबदला फक्त पहिल्या आणि तिसऱ्याशी बोलतो, असा त्याचा आक्षेप होता.

आमच्या धंद्यातली एक खाजगी गोष्ट. अहवालाचं टेंडर निघतं तेव्हा रस्ता कुठून जाणार हे ठरलेलं असतं. आम्हाला विचारलेला प्रश्न ‘किती त्रास होईल’ हा नसतोच, ‘त्रास कमी कसा दाखवता येईल’ हा असतो. तसं कुणी म्हणत नाही. फक्त पैसे प्रकल्पवालाच देतो.

तापीकाठ

नंदुरबारचा. दूरदेशींनी जागतिक बँकेचं काढलं म्हणून सरदार सरोवर, त्याच बँकेच्या कर्जातलं धरण.

नर्मदा लवादाचा निवाडा १९७९ चा. त्या काळाच्या मानाने उत्तम होता. पंचवीस टक्क्यांहून जास्त जमीन जाणाऱ्या कुटुंबाला किमान दोन हेक्टर जमीन, सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब, बुडिताच्या आधी पुनर्वसन. महाराष्ट्राची ३३ गावं, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणीतली, सगळी आदिवासी. पहिलं मणिबेली.

पण निवाड्यात ‘जमीन’ म्हणजे नावावरची जमीन. आमच्याकडे बापजाद्यांपासून कसलेली डोंगरउतारावरची शेतं वनखात्याच्या कागदावर अतिक्रमण. म्हणजे एकाच रानात दोन भाऊ नांगर धरतात, एक खातेदार, दुसरा अतिक्रमणधारक. गुजरातने १९८७ च्या सुमाराला भूमिहीन आणि अतिक्रमणधारकांनाही पाच एकर द्यायचं ठरवलं. महाराष्ट्राने तसं केलं नाही. बँकेनेच नेमलेल्या मोर्स समितीच्या १९९२ च्या अहवालात यावर बोट ठेवलंय. आणि कालव्यांवर. कालव्यात ज्यांची जमीन गेली ते प्रकल्पग्रस्त धरलेच नव्हते, कारण व्याख्या बुडिताची. केवडियाची सहा गावं बघा. धरणाच्या कर्मचाऱ्यांच्या वसाहतीसाठी जमीन १९६१-६२ ला घेतली, पण पाण्याखाली गेली नाही म्हणून ते लोक निवाड्यातल्या हक्काबाहेर. आज तिथे जगातला सर्वांत उंच पुतळा आहे.

जागतिक बँक १९९३ च्या मार्चमध्ये बाहेर पडली. धरण थांबलं नाही. २०१७ ला दरवाजे बंद केले, २०१९ च्या सप्टेंबरात पहिल्यांदा पूर्ण १३८.६८ मीटर भरलं.

मुद्दा असा की मोजणी वाईट होती म्हणून लोक सुटले असं नाही. व्याख्येबाहेरचा माणूस मोजणीदाराच्या समोर उभा राहिला तरी दिसत नाही.

मोजपट्टी

सगळं मान्य करून एक अडचण सांगतो, कारण इथे कुणीच सांगत नाहीये.

रस्ता येणार अशी नुसती कुजबुज झाली की काय होतं, मी पाहिलंय. रात्रीत पत्र्याच्या शेड उभ्या राहतात. पडीक माळावर महिनाभरात आंब्याची कलमं लागतात, तीही हातभर अंतरावर. मुंबईतला पाहुणा अचानक गावचा रहिवासी होतो. म्हणून कट ऑफ तारीख लागते, तिच्यानंतर आलेल्याला धरायचं नाही. ती तारीख ठेवली नाही तर खऱ्या गरिबाच्या आधी खोटा पोचतो.

दुसरं, बाधित कुणाकुणाला म्हणायचं? रस्त्याने धाब्याचं गिऱ्हाईक गेलं, तोही बाधित? जुन्या घाटातला वडापाववाला? कुठेतरी रेघ ओढावी लागते, आणि ती सरकारी माणसालाच ओढावी लागते. शिव्याही त्यालाच.

पाणंद

मोजपट्टीकाका, पत्र्याच्या शेड मीही पाहिल्या. पण त्या कुणाच्या होत्या? ज्याला तलाठ्याकडून आधी कळतं त्याच्या. वाडीवर तर तारीख येऊन गेल्याचं जूनमध्ये कळलं. कट ऑफ तारखेने खोटे किती अडले मला माहीत नाही, भट्टीवरचे सगळे अडले.

आणि वडापाववाल्याची रेघ मान्य. पण आधी त्याला बघा आणि मग रेघेबाहेर ठेवा, कारण लिहून. आत्ता तो न बघताच बाहेर असतो.

सातवा_मजला

मुंबईचंही लिहिते. रेल्वे रुळाकाठची झोपडपट्टी, तिथून आम्हाला मानखुर्दला आणलं, सात मजली इमारतीत. जागतिक बँकेच्या पैशातला वाहतूक प्रकल्प. त्या प्रकल्पात एक लाखाच्या आसपास माणसं हलली असं सांगतात. २००६ च्या मार्चमध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाचा निधी काही महिने रोखला होता, कुर्ल्याकडच्या दुकानदारांनी आणि रहिवाशांनी तक्रार केली म्हणून. झोपडीवाल्यांच्या तक्रारीने बँक हलली, हे मला आजही नवल वाटतं.

आम्हाला पक्कं घर मिळालं. २२५ चौरस फूट, संडास आत. माझी आई त्या संडासाकडे बघून रडली होती, आनंदाने. हे आधी लिहिते, कारण असल्या चर्चेत ते कुणी लिहीत नाही. रुळावर शौचाला बसणारी बाई काय सहन करते ते त्यांना माहीत नसतं.

पण आई चार घरची धुणीभांडी करायची, सगळी चालत दहा मिनिटांवर. मानखुर्दहून दोन गाड्या बदलून जायला लागलं. दोन कामं सुटली, मग चारही. फॉर्मवर तिचा धंदा ‘घरकाम’ लिहिला होता. लिहिणाऱ्याने तो स्वतःच्या घरातलं काम समजून ‘उत्पन्न नाही’ टाकलं असणार. आणि लिफ्ट. लिफ्टचा देखभाल खर्च कोण देणार हे कुणी विचारलं नव्हतं. आजी सातव्या मजल्यावरून शेवटची दोन वर्षं खाली उतरली नाही.

उधाण

‘गृहिणी’ आणि ‘घरकाम’. एकाच मुलाने लिहिलं की काय दोन्हीकडे?

पाणंद

कदाचित मीच. माझ्या फॉर्मवरही ‘कुटुंबप्रमुखाचा व्यवसाय’ असा एकच रकाना होता. बाकीच्यांसाठी ‘अवलंबित’.

कलम_चार

काम होईल असं काही बोलूया. पाणंद, ते फॉर्म परत कुणी बनवत असेल तर ‘घर बंद’ हा शेरा काढून त्याजागी तीन रकाने घाला : कुठे गेलेत, कुणी सांगितलं, कधी परततील. आणि परतण्याच्या महिन्यात पुन्हा भेट सक्तीची. ऊसतोडीच्या भागातही हेच. दसरा झाला की कोयते निघतात, आणि ग्रामसभा नेमकी जानेवारीत लागते.

दूरदेशी

आणि सर्वेक्षकाला फॉर्ममागे पैसे देऊ नका. दिवसावर द्या. सगळं तिथेच फिरतं.

मोजपट्टी

यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावतात. ती वाडीवर मोठ्याने वाचून दाखवा. मी एका गावात तसं केलं होतं, नियमात नव्हतं. दोन तासांत नऊ चुका सापडल्या. एक मयत माणूस खातेदार होता आणि त्याची जिवंत बायको यादीत नव्हती. वरिष्ठांनी विचारलं, हा तमाशा कशाला.

पाणंद

एक राहिलंच. मागच्या जूनमध्ये पहिल्या पावसानंतर मी परत त्या वाडीवर गेलो होतो. कुणी पाठवलं नव्हतं. सतराच्या सतरा घरांत माणसं होती, एकात नुकतं जन्मलेलं बाळ. शंभर पानी वही घेऊन गेलो होतो, सगळ्यांची नावं, माणसं, किती वर्षं राहतात, पाणी कुठून, जळण कुठून, लिहून आणलं. रेशनकार्ड होतं त्यांचे नंबर घेतले. हरकतींची मुदत कधीच संपलेली. वही कपाटात आहे. कुणाकडे द्यायची?

कलम_चार

उपजिल्हाधिकारी, भूसंपादन. एक प्रत प्रकल्प अधिकारी, आदिवासी विकास. कर्ज देणाऱ्या बँकेचा तक्रार कक्ष असतो, तिथे इंग्रजीत सारांश, तो मी करून देतो. मुदत संपली म्हणून थांबू नका, ‘नोंद घ्यावी’ एवढीच विनंती करा. प्रत्येक कुटुंबाचा वेगळा अर्ज आणि अंगठा हवा, तुमची वही सोबत जोडपत्र म्हणून. आणि हे दिवाळीआधी करा.

शिवसागराच्या_तळाशी

स्पीड पोस्टाने पाठवा, पोचपावतीसह. हातोहात दिलंत तर आवक क्रमांक घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका. पोचेची प्रत्येकाच्या घरी एक झेरॉक्स ठेवा, आणि मूळ प्रत पत्र्याच्या पेटीत, डांबरगोळ्या टाकून. लॅमिनेशन मात्र करू नका. आमच्या वडिलांनी दाखला लॅमिनेट केला होता, तर कचेरीतला कारकून म्हणाला, आता यावर शिक्का कसा मारू.